आधी कानाने क्रम लावा, मग गुणांचा तक्ता उघडा

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. गायन-वादनाला गुण द्यायची सवय आहे, पण मुलांनी स्वतः केलेल्या रचनांचं कोर्सवर्क तपासायचं काम यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. वर्गात अकरा मुलं आहेत आणि तिघांपाशी मी अडले आहे. एका मुलाने कॉम्प्युटरवर तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे आयते तुकडे) जोडून असा ट्रॅक केलाय की ऐकणारा ‘वा!’ म्हणतोच. दुसऱ्याने चार आवाजांसाठी अगदी नियमात बसणारं, पण निर्जीव वाटणारं काहीतरी लिहिलंय. तिसरी मुलगी फ्लूट आणि पियानोसाठी छोटीशी रचना घेऊन आली. तिचं स्वरलेखन गचाळ आहे, रेकॉर्डिंगमध्ये फ्लूट दोनदा घसरते, तरी मला तीच परत परत ऐकावीशी वाटते. हा माझा पक्षपात आहे का? सहकारी म्हणतात, ‘निर्मितीला गुण देता येतच नाहीत, सगळ्यांना सत्तरच्या आसपास दे आणि मोकळी हो.’ आणखी एक. चौथ्या एका मुलाच्या रचनेचा शेवट काही केल्या जमत नव्हता, तो मी दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) स्वतः लिहून जमवून दिला. आता धाकधूक वाटते. पहिल्या तिघांची रेकॉर्डिंग आणि स्कोअर (लिहिलेली स्वरलिपी) नावं झाकून सोबत पाठवते आहे. — एक संगीत शिक्षिका

उत्तर :

तिन्ही रचना ऐकल्या. आधी फक्त ऐकल्या, स्कोअर नंतर उघडले. असं का, ते पुढे येईलच.

सहकाऱ्यांचा सल्ला प्रेमळ आहे, पण घेऊ नका. सगळ्यांना सत्तर दिल्याने न्याय होत नाही. ज्याने एका रात्रीत उरकलं त्याला बक्षीस मिळतं आणि जिने दोन महिने डोकं लावलं तिला दंड होतो. निर्मितीला गुण देता येत नाहीत, हे म्हणणंही आता टिकत नाही. इंग्लंडमध्ये जीसीएसईची, म्हणजे आपल्या दहावीसारखी, पहिली परीक्षा 1988 मध्ये झाली, तेव्हापासून तिथल्या संगीताच्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुलाने स्वतःची रचना करायची आहे. आज तिथे रचनेला 30 टक्के वजन आहे. दोन रचना द्यायच्या, एक बोर्डाने दिलेल्या विषयावर आणि एक आपल्या मनाची, दोन्ही मिळून किमान 3 मिनिटांच्या. म्हणजे गेली जवळपास चार दशकं तुमच्यासारखे शिक्षक हेच काम करताहेत, कुरकुरत का होईना.

‘प्रत्येकाला वेगळं आवडणार’ या शंकेवरही काम झालेलं आहे. तेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये एक साधी पद्धत मांडली. त्या विषयातल्या जाणत्या लोकांना एकमेकांशी न बोलता कलाकृती जोखू द्यायच्या, कोणताही तक्ता हातात न देता, आणि मग त्यांची मतं किती जुळतात ते पाहायचं. मतं बऱ्यापैकी जुळतात. संगीतशिक्षणाच्या अभ्यासक मॉड हिकी यांनी 2001 मध्ये हीच पद्धत मुलांच्या संगीतरचनांना लावून पाहिली, तर मजा झाली. सर्वांत कमी एकमत व्यावसायिक रचनाकारांच्या गटात निघालं आणि संगीत शिक्षकांचं चांगलं जमलं. तेव्हा आपल्याला रचना करता येत नाही म्हणून आपण जोखायला नालायक, असं मनात असेल तर ते काढून टाका. वर्षानुवर्षं मुलांचं काम ऐकलेला कान हीच इथली पात्रता आहे आणि ती तुमच्यापाशी आहे.

मात्र तो कान वापरायचा कसा, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मी पैज लावते की तुम्ही पहिली रचना उघडली, शेजारी निकषांचा तक्ता ठेवला, ‘कल्पना : 10 पैकी?’ असं स्वतःला विचारलं आणि तिथेच गाडी रुतली. रुतणारच. एकट्या रचनेकडे बघून ‘ही 10 पैकी 6 की 7’ हे कुणालाच धड सांगता येत नाही. दोन रचना पाठोपाठ ऐकून ‘हिच्यापेक्षा ती बरी’ हे मात्र आपण पटकन आणि पुष्कळ खात्रीने सांगतो. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी 1927 मध्ये या तुलनेच्या तत्त्वाला गणिती रूप दिलं आणि आजही निबंधांपासून चित्रांपर्यंत मूल्यमापनात ते वापरलं जातं. तुमच्या अकरा मुलांच्या सगळ्या जोड्या लावायच्या म्हटल्या तर 55 होतात. तेवढ्याची गरज नाही. ऐकताक्षणी वरची वाटणारी एक, खालची वाटणारी एक आणि मधली एक अशा तीन रचना आधी निवडा. बाकीची प्रत्येक रचना या तिघींशी ताडून बघत बघत रांगेत बसवा. जिथे अडखळाल तिथे फक्त त्या दोन शेजारणी पुन्हा ऐका. एका दुपारचं काम आहे, आणि ते एकाच दुपारी करा. सोमवारचा कान आणि शुक्रवारचा कान वेगळा असतो.

या रांगेला महत्त्व देण्याचं आणखी एक व्यवहारी कारण आहे. तुमचे गुण अंतिम नसतात. कोर्सवर्क शाळेत तपासलं जातं तिथे त्यातला नमुना बोर्डाच्या मॉडरेटरकडे, म्हणजे गुणांची पडताळणी करणाऱ्याकडे, जातो. त्याला पहिल्यांदा हे बघायचं असतं की तुम्ही लावलेला क्रम बरोबर आहे का. क्रम ठीक असेल आणि तुमचा हात थोडा सैल किंवा थोडा कडक असेल, तर तो सगळ्यांचेच गुण सारख्या तत्त्वाने खाली-वर करतो आणि विषय मिटतो. क्रमच गडबडलेला असेल तर कुठलीही एक दुरुस्ती लागू पडत नाही आणि मग सगळ्या वर्गाचं काम पुन्हा उघडलं जातं. सगळ्यांना सत्तर देण्याची युक्ती नेमकी इथे अंगाशी येते, कारण तिच्यात क्रमच नसतो.

तक्ता कधी उघडायचा? रांग लागल्यावर. तेव्हा तो कामाचा होतो, कारण ‘ही तिच्यापेक्षा वर का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या निकषांच्या भाषेत शोधावं लागतं. कल्पना, त्यांचा विस्तार, बांधणी, वाद्यांचा वापर, तंत्र, लेखन. बोर्डागणिक शब्द बदलतात, पण गोष्टी याच. एखाद्या रचनेची रांगेतली जागा आणि तक्त्यातली बेरीज जमेना, तर बेरीज दामटून जुळवू नका. परत ऐका. कधी कान चुकलेला असतो, कधी तक्ता नीट वाचलेला नसतो. आणि गुणपट्टी पूर्ण वापरा. मधल्या चार आकड्यांत सगळा वर्ग कोंबायची आपल्याला फार हौस असते.

आता तुमच्या तिघांकडे येते. फ्लूटवालीपासून सुरू करते, कारण तुम्हाला तीच का ऐकावीशी वाटते ते बोट ठेवून दाखवता येतं.

रचना जी मेजरमध्ये आहे. जी हा सा धरला तर सुरुवातीला फ्लूट चार सुरांचा एक तुकडा वाजवते : सा ग रे प, तीन आखूड आणि शेवटचा लांब. पाचव्या बारला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) तोच तुकडा पियानोच्या डाव्या हातात येतो. इथपर्यंत कुणीही करेल. सतराव्या बारला मात्र तो पहिल्या मात्रेऐवजी दुसऱ्या मात्रेवर सुरू होतो, लांब प आखूड होतो आणि उरलेल्या जागेत शांतता राहते. तेच सूर, पण आता धाप लागल्यासारखे. तेविसाव्या बारला तिने तुकडा चक्क उलटा केलाय. वर जायचं तिथे खाली, खाली यायचं तिथे वर : सा, मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, मंद्र नी, मंद्र म. आणि शेवटी फ्लूट फक्त ‘सा ग’ म्हणून थांबते, उरलेले ‘रे प’ पियानो पुरे करतो. चार सुरांतून दीड मिनिट निघालंय आणि प्रत्येक वेळी काहीतरी ठरवून केलंय. हे तिला कुणी शिकवलं असेल किंवा तिचं तिला सुचलं असेल, गुणांच्या दृष्टीने फरक पडत नाही. ते ऐकू येतं, एवढं पुरे. तुमचा पक्षपात नाही, तुमच्या कानाने कल्पनेचा विस्तार पकडला आणि बुद्धी अजून त्याचं नाव शोधत होती.

म्हणून तिला डोक्यावर घेऊ नका. नवव्या ते सोळाव्या बारपर्यंत पियानो प्रत्येक मात्रेवर तेच ठोकळे कॉर्ड वाजवत बसलाय. त्याच आठ बारमध्ये फ्लूटला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. रेकॉर्डिंगमधली पहिली घसरण तिथेच आहे, म्हणजे तो वादकाचा दोष कमी आणि रचनाकाराचा जास्त. दुसरी घसरण तेविसाव्या बारला आहे. तो मंद्र म म्हणजे पियानोवरचा मधला सी, साध्या फ्लूटचा सर्वांत खालचा सूर. तिथे फ्लूटचा आवाज मुळात क्षीण असतो आणि वर पियानो दणदणीत चाललाय. रचनेतली सगळ्यात हुशार जागा ऐकूच येत नाही. स्कोअरमध्ये हळू-मोठ्याच्या खुणा कुठेच नाहीत. तेव्हा वाद्यांच्या वापराचे गुण मध्यम, लेखनाचे कमी, कल्पना आणि बांधणीचे वरचे. सगळ्या रकान्यांत सारखं बसणारं मूल विरळाच, आणि तसं बसलेलं दिसलं तर मला आपल्याच गुणांचा संशय येतो.

स्कोअर नंतर का उघडायचा तेही इथेच सांगते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवून दिलं की माणसाची एक बाब ठसठशीत आवडली की तिचा रंग बाकीच्या सगळ्या मतांवर चढतो. सॉफ्टवेअरमधून निघालेला स्वच्छ छापील स्कोअर समोर असला की संगीतही नीटनेटकं ऐकू यायला लागतं, आणि खाडाखोड केलेली वही समोर असली की उलटं होतं. रेकॉर्डिंगचंही तसंच. कॉम्प्युटरचा फ्लूट कधी घसरत नाही. वादनाचे गुण वादनाच्या रकान्यात आधीच देऊन झालेत, रचनेच्या कागदावर ते पुन्हा कापायचे नाहीत.

लूपवाल्या मुलाचा ट्रॅक खरोखर ‘वा!’ आहे. पण ती दाद कुणाला, ते आधी वेगळं काढा. त्याच्याकडून ऑडिओ फाइल घेऊन भागणार नाही, सॉफ्टवेअरमधली मूळ प्रोजेक्ट फाइल मागा आणि त्याच्याच शेजारी बसून सगळे तयार लूप म्यूट करून प्ले दाबा. मी ऐकून अंदाज केला त्याप्रमाणे मागे एक चार बारची सुरावट उरेल, जी दोनदा जशीच्या तशी येते. ढोल, बेस, कॉर्ड तयार असावेत. बहुतेक बोर्डांचा नियम असा की बाहेरून आणलेली सामग्री जाहीर करायची आणि गुण फक्त मुलाने स्वतः केलेल्या कामाला द्यायचे. पण ‘केलेलं काम’ म्हणजे फक्त सूर, असं आखडू नका. निवड, थर चढवणं-उतरवणं, आवाज घासून-पुसून बदलणं हेही रचनाच आहे. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास, मुख्य भाग परत येण्याआधी, त्याने दोन बार बेस काढून घेतलाय आणि वरच्या आवाजाचा पडदा हळूहळू उघडलाय. ती जागा तयार मिळत नाही, ती त्याने ऐकून केलीय. त्याचे गुण रोख द्या. उलट बाजूने, बाकी प्रत्येक थर बरोबर आठ-आठ बारनीच आत येतो, कारण लूप तेवढ्या लांबीचे आहेत. म्हणजे बांधणी बरीचशी तयार लूपमधूनच आलेली आहे.

संगीतशिक्षणाचे अभ्यासक कीथ स्वॉनविक आणि जून टिलमन यांनी 1986 मध्ये मुलांच्या रचनांचा एक मोठा अभ्यास मांडला होता. 48 मुलांच्या 745 छोट्या-मोठ्या रचना त्यांनी ऐकल्या. त्यात एक वाट दिसली : मूल आधी नुसत्या आवाजावर भाळतं, मग त्यातून काही म्हणायला लागतं, मग आकार बांधायला लागतं. तुमचा हा मुलगा आवाजावर भाळलेला आहे आणि त्यात त्याचा कान तयार आहे. तो कमी प्रतीचा नाही, त्याला अजून आकाराची भूक लागलेली नाही. अर्थात गुण देताना जे झालंय त्याला द्यायचे, पुढे काय होईल त्याला नाही.

हल्ली दोन ओळी टाइप केल्या की संपूर्ण गाणं तयार करून देणारी साधनं आली आहेत. त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी प्रोजेक्ट फाइल आणि टप्प्याटप्प्याची कच्ची रेकॉर्डिंग मागायचं हे दुसरं कारण समजा. दर पंधरवड्याला तारीख घालून एक कच्ची प्रत ठेवायला लावली की रचना कशी वाढली ते दिसतं. नंतर कुणावर संशय घेत बसायची वेळ येत नाही.

चार आवाजांच्या रचनेवर मी कमी बोलणार, कारण तिच्यात बोलण्यासारखं कमी आहे. नियम सगळे पाळलेत, समांतर पंचम (अशा लेखनात निषिद्ध मानलेली चाल) शोधूनही सापडत नाही. निर्जीव का वाटतं, ते ताडायला एक प्रयोग करा : पाच ते आठ बार उचलून नऊ ते बाराच्या जागी ठेवा आणि वाजवून बघा. मी केला. काहीही बिघडलं नाही. प्रत्येक ओळ चार बारची, प्रत्येक ओळीचा शेवट त्याच दोन कॉर्डवर. तुकडे कुठेही ठेवले तरी चालतात, म्हणजे बांधणीचे गुण वर जाऊ शकत नाहीत. (हाच प्रयोग फ्लूटच्या रचनेवर करून पाहा, सगळं कोलमडतं.) तंत्राचे गुण मात्र कंटाळ्यापोटी कापू नका, ते त्याने कमावलेत. चौदाव्या बारमध्ये आल्टोचा (वरून दुसऱ्या आवाजाचा) एक सूर त्याने पुढच्या कॉर्डवर अडवून धरलाय आणि उशिरा सोडलाय. सगळ्या पानात तेवढी एक जागा जिवंत आहे. शेऱ्यात ती आवर्जून लिहा. त्याला कदाचित ठाऊकही नसेल की तिथे काही घडलं.

माझा क्रम विचाराल तर फ्लूट वर, नंतर लूप, आणि त्याच्या अगदी पाठोपाठ चार आवाज. पण ती चार बारची सुरावट त्या मुलाची स्वतःची नाही असं निघालं तर शेवटच्या दोघांची अदलाबदल होईल.

शेवट लावून दिल्याचं आता. शिक्षकाने दिशा दाखवणं आणि शिक्षकाने सूर लिहिणं, यात सगळीच बोर्डं फरक करतात. ‘शेवट अर्धवट वाटतो, का वाटतो ते ऐकून सांग’ हे शिकवणं झालं. ‘इथे हा कॉर्ड टाक’ म्हणणं हे काम तुमचं झालं, त्याचं नाही. कोर्सवर्क अजून जमा झालेलं नसेल तर उपाय सोपा आहे. तुमचे दोन कॉर्ड खोडा, त्याला त्याचाच जुना शेवट परत ऐकवा आणि विचारा, कुठला सूर अजून लटकतोय? त्याला काय सापडेल ते तुमच्या कॉर्डपेक्षा ओबडधोबड असेल. असू द्या. जमा झालं असेल तर काय मदत केली ते नोंदीच्या कागदावर स्पष्ट लिहा आणि त्या दोन बारना गुण देऊ नका. दोन बारनी फार तर एखादा गुण जाईल. लपवलेली मदत उघडी पडली तर सगळ्या वर्गाच्या कामाकडे वाकड्या नजरेने बघितलं जातं. परीक्षा विभागातल्या सहकाऱ्यांना आजच सांगून ठेवा.

शेरे लिहिताना विशेषणं टाळा. ‘छान कल्पना, सुंदर विस्तार’ वाचून मॉडरेटरला काही कळत नाही आणि मुलालाही नाही. ‘बार 1 मधला तुकडा बार 17 ला दुसऱ्या मात्रेवरून, बार 23 ला उलटा’ एवढं लिहिलं की तो थेट तिथे जाऊन ऐकतो, आणि पटलं तर तुमच्या आकड्याशी भांडत नाही. शाळेत आणखी कुणी संगीत शिकवत असेल तर रांगेतल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन रचना त्यांना गुण न सांगता ऐकवा. त्यांचा क्रम वेगळा आला तर आकडे पक्के करण्याआधी बोलून घ्या.

आणि जमा करायला अजून दिवस असतील, तर त्या फ्लूटवाल्या मुलीला स्कोअर आजच परत द्या. तिला काय लिहायचं ते सांगू नका. फक्त सांगा, तेविसावा बार पियानोवाल्याच्या खुर्चीत बसून ऐक आणि मग नऊ ते सोळा फ्लूटवाल्याच्या जागी उभी राहून स्वतः फुंकून बघ. खुणा आणि श्वासाच्या जागा ती स्वतःच घालेल, आणि लेखनाच्या रकान्यातले आत्ता हुकणारे दोन-तीन गुण तिच्या पदरात पडतील.